पुरुषी टक्कल

पुरुषी टक्कल (वैद्यकीय संज्ञा : अँड्रोजेनेटिक अ‍ॅलोपेशिया) म्हणजे आनुवंशिक कल आणि पुरुषी संप्रेरके यांच्या एकत्रित परिणामामुळे डोक्यावरील केस ठरावीक क्रमाने बारीक, आखूड व विरळ होत जाण्याची अवस्था होय. पुरुषांमधील कायमस्वरूपी केसगळतीचे हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केसांची रेषा मागे सरकणे आणि टाळूवर विरळ वर्तुळ पडणे ही त्याची दोन ठळक लक्षणे असून कानांच्या वरचा व मानेकडचा पट्टा बहुधा शेवटपर्यंत शाबूत राहतो. ही अवस्था जिवाला धोकादायक नाही. तथापि तिच्यावरील उपचारांच्या नावाखाली चालणारे काही प्रकार मात्र धोकादायक ठरले आहेत.

भारतातील ३० ते ५० वर्षे वयोगटातील १,००५ पुरुषांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ५८ टक्के पुरुषांमध्ये कमीअधिक प्रमाणात पुरुषी टक्कल आढळले. म्हणजेच मध्यम वयात ही अवस्था अपवाद नसून जवळजवळ नियम आहे.

नावे

मराठीत टक्कल हा शब्द केस गेलेल्या डोक्यासाठी सरसकट वापरला जातो. डोक्यावर किंवा दाढीत अचानक पडणाऱ्या गुळगुळीत गोल चट्ट्यास चाई म्हणतात. चाई हा वेगळा आजार असून त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच केसांच्या मुळांवर हल्ला करते. आयुर्वेदात केस जाण्याला खालित्य आणि इंद्रलुप्त, तर केस पिकण्याला पालित्य अशा संज्ञा आहेत. सुश्रुतसंहितेत या विकाराचा समावेश क्षुद्ररोगांमध्ये केला असून रोमकूपांतील पित्त वातासह केस गाळते आणि त्यानंतर कफ रक्तासह रोमकूपाचे मुख बंद करतो, त्यामुळे नवा केस उगवत नाही, असे स्पष्टीकरण दिले आहे. आजच्या शरीरशास्त्राशी त्याचा मेळ बसत नसला तरी केस गळणे आणि नवा केस न उगवणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्यातील निरीक्षण लक्षणीय आहे.

केसाचे चक्र

प्रौढ माणसाच्या डोक्यावर साधारणपणे एक लाख केस असतात. प्रत्येक केस आपापल्या केशकूपातून स्वतंत्रपणे वाढतो. वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा असतो आणि या काळात केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणाचा व सुमारे तीन महिन्यांचा विश्रांतीचा काळ येतो. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच कूपातून नवा केस वर येतो. यामुळे दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते. उशीवर किंवा न्हाणीघराच्या जाळीवर दिसणारा केसांचा पुंजका एवढ्यानेच रोगाचे लक्षण ठरत नाही.

पुरुषी टकलामध्ये मुख्य घटना गळणे ही नसून कूप आकसणे ही आहे. प्रत्येक चक्रागणिक वाढीचा काळ आखडत जातो आणि कूपही लहान होत जातो. जाड, काळा केस जाऊन त्या जागी पातळ केस येतो, पुढच्या खेपेस त्याहून पातळ, आणि अखेरीस डोळ्याला न दिसणारी लव उरते. म्हणूनच अनेक पुरुषांच्या बाबतीत फारसे केस गळताना दिसत नाहीत, तरी टक्कल पडत जाते. बरीच वर्षे लोटल्यावर आकसलेला कूप पुन्हा मोठा होण्याची शक्यता मावळते. उपचार लवकर सुरू केल्यास अधिक उपयोगी पडतात त्यामागचे कारण हेच.

कारणे

संप्रेरके

पुरुषत्व आणि टक्कल यांचा संबंध प्राचीन ग्रीकांच्याही ध्यानात आला होता. षंढांना टक्कल पडत नाही अशी नोंद त्यांनी केली होती. त्याला शास्त्रीय आधार अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांच्या १९४२ च्या अभ्यासाने मिळाला. वयात येण्यापूर्वी वृषणे काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर मात्र ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस विरळ होऊ लागले. संप्रेरक आणि आनुवंशिकता या दोहोंची गरज असते, एकट्याने काम होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर ‘५-अल्फा रिडक्टेज’ या विकराच्या साहाय्याने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन (डीएचटी) या अधिक प्रभावी संप्रेरकात होते. केशकूपाच्या तळाशी असलेल्या पेशींवर डीएचटी चिकटला की संवेदनशील कूप आकसू लागतात. विशेष म्हणजे हेच संप्रेरक दाढी व छातीवरचे केस वाढवते. डीएचटीचे महत्त्व निर्णायकपणे पुढे आले ते डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली या कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील काही पुरुषांमध्ये हे विकर जन्मतःच कार्यक्षम नव्हते. मोठेपणी या पुरुषांच्या कपाळावरची केसांची रेषा मागे सरकत नव्हती आणि त्यांच्या पुरःस्थ ग्रंथीही लहान राहत होत्या. फिनास्टेराइड या औषधाची कल्पना येथूनच पुढे आली.

टक्कल पडलेल्या पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त असते, हा समज बरोबर नाही. फरक असतो तो कूपांच्या संवेदनशीलतेत. शरीर कमावण्यासाठी बाहेरून घेतलेल्या अ‍ॅनाबोलिक स्टेरॉइडची गोष्ट मात्र निराळी आहे. ज्यांच्यात मुळात कल आहे अशा तरुणांमध्ये त्यामुळे टक्कल लवकर व वेगाने येऊ शकते.

आनुवंशिकता

टक्कल आईच्या वडिलांकडून येते, असे सर्रास म्हटले जाते. त्यात अर्धे तथ्य आहे. अँड्रोजन ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते. पण हे अनेक जनुकांपैकी एक होय. ब्रिटनमधील सुमारे ५२,००० पुरुषांच्या २०१७ सालच्या अभ्यासात टकलाशी निगडित २८७ जनुकीय स्थाने आढळली. वडिलांचे डोके पाहून अंदाज बांधणारे त्यामुळे चुकीचे ठरत नाहीत.

ज्यांचा दोष नाही ते

टोपी, फेटा किंवा हेल्मेट घातल्याने, रोज डोके धुतल्याने अथवा केस वारंवार कापल्याने पुरुषी टक्कल पडत नाही. वस्तऱ्याने गोटा केल्यास नंतर दाट केस येतात या समजुतीलाही आधार नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्यामुळे तो जाड भासतो इतकेच. कोंड्यामुळे खाज सुटते व काही केस गळतात, परंतु टकलाचा नमुना त्यातून तयार होत नाही. धूम्रपान व लवकर येणारे टक्कल यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे.

अवस्था व निदान

हॅमिल्टन यांनी १९५१ साली टकलाचे वर्गीकरण मांडले व ओ'टार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये ते सुधारले. सात पायऱ्यांची ही हॅमिल्टन-नॉरवुड श्रेणी आजही वापरली जाते. पहिल्या पायरीत केसांची रेषा जवळजवळ अबाधित असते. सातव्या पायरीत कानामागून कानापर्यंत फक्त नालेसारखी पट्टी उरते. निदान बहुधा नुसत्या निरीक्षणाने होते. शंका असल्यास त्वचारोगतज्ज्ञ भिंगाच्या साहाय्याने एकाच भागातील केसांच्या जाडीतला फरक पाहतात. लोह, थायरॉइड यांच्या रक्तचाचण्या दुसरे कारण असण्याची शंका असेल तेव्हाच उपयोगी ठरतात.

इतर केसगळतीपासून वेगळेपण

केस विशिष्ट नमुन्याने न जाता सर्व डोक्यावरून मुठीने गळू लागले, तर ती बहुतेकदा तात्पुरती विश्रांतिकालीन गळती असते. तीव्र ताप, शस्त्रक्रिया, उपासमारीचा आहार किंवा मोठा मानसिक आघात यांमुळे असंख्य कूप एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि दोन ते तीन महिन्यांनी ते केस एकदम गळतात. मूळ आजार तोवर विसरलेला असतो. मुंबईसारख्या शहरात पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, विषमज्वर यांचे रुग्ण वाढतात. अशा रुग्णाचे केस दिवाळीच्या सुमारास गळू लागले तर कारण नव्या शाम्पूत नव्हे, ऑगस्टमधल्या तापात शोधावे लागते. कोविडनंतरही अशी गळती मोठ्या प्रमाणावर नोंदली गेली. यात कूप जिवंत असतात आणि सहा ते नऊ महिन्यांत केस बहुधा आपोआप परत येतात. या काळात घेतलेल्या कोणत्याही तेलाला श्रेय मिळते, ही यातली गंमत आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील घटना

केसगळतीचे कारण ठरवताना घाई करू नये याचे अलीकडचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील लोकांचे केस अचानक गळू लागले. डोक्याला खाज सुटायची, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत डोके पूर्ण मोकळे व्हायचे. पुरुष, स्त्रिया, मुले असे सर्वच त्यात होते. जानेवारी २०२५ पर्यंत १८ गावांतील सुमारे २७९ जण बाधित झाल्याची नोंद आहे.

प्रारंभी शाम्पू, बुरशीचा संसर्ग आणि पाणी यांवर संशय घेण्यात आला. शेगावचा परिसर पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो आणि तेथील भूजल क्षारयुक्त आहे. पाण्याच्या तपासणीत नायट्रेटही जास्त आढळले. तथापि खारे पाणी या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहे, केस मात्र त्या वर्षीच गळाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पथकांनी गावांना भेटी देऊन नमुने घेतले व रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात सामान्यापेक्षा ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट सेलेनियम दिसले, तर जस्ताचे प्रमाण घटलेले होते. रास्त भाव दुकानांतून मिळालेल्या गव्हात त्यांना किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले; गहू धुऊनही ते प्रमाण फारसे उतरले नाही. हा गहू बाहेरच्या राज्यातून आल्याचे त्यांनी म्हटले. अनेकांना काही आठवड्यांत पुन्हा केस येऊ लागले. मात्र एप्रिल २०२५ मध्ये याच भागातील काही लोकांची नखे गळू लागल्याच्या बातम्या आल्या. नखांची विकृती हेही सेलेनियम विषबाधेचे ज्ञात लक्षण आहे.

केसगळतीच्या काळात या गावांतील लोकांना सामाजिक बहिष्काराचाही सामना करावा लागला. संसर्गाच्या अफवेमुळे गावाबाहेरचे लोक त्यांच्याशी संपर्क टाळू लागल्याचे वृत्त होते. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते आणि केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पूरक गोळ्यांतही ते असते. अशा गोळ्यांचा अतिरेक केस वाढवण्याऐवजी गाळू शकतो.

उपचार

मिनॉक्सिडिल

हे मुळात उच्च रक्तदाबाचे औषध. १९७९ साली अमेरिकेत गोळीच्या रूपात त्याला मान्यता मिळाली. रुग्णांच्या अंगावर केस वाढताना दिसल्याने टाळूवर लावण्याचे द्रावण तयार करण्यात आले व १९८८ साली ते पुरुषी टकलासाठी मान्य झाले. केसांच्या वाढीचा काळ लांबवणे हे त्याचे कार्य. पुरुषांसाठी सामान्यतः ५ टक्के द्रावण वापरतात. पहिल्या काही आठवड्यांत उलट केस अधिक गळतात, कारण विश्रांतीतले केस नव्या केसांना वाट करून देतात; नेमक्या याच टप्प्यावर अनेकजण औषध सोडून देतात. परिणाम दिसण्यास किमान चार महिने लागतात आणि औषध थांबवल्यास मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. खाज, चेहऱ्यावर लव येणे हे त्याचे दुष्परिणाम होत. मांजरांसाठी हे द्रावण विषारी आहे. अल्प मात्रेतील गोळीचा वापरही वाढला आहे, परंतु तो हृदयविकार व रक्तदाब पाहून डॉक्टरांनीच ठरवावयाचा असतो.

फिनास्टेराइड

५-अल्फा रिडक्टेज रोखणारे हे औषध १९९२ मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीसाठी ५ मिलिग्रॅम मात्रेत आणि १९९७ मध्ये टकलासाठी १ मिलिग्रॅम मात्रेत अमेरिकेत मान्य झाले. बहुसंख्य पुरुषांमध्ये ते गळती थोपवते आणि काहींमध्ये केस दाटही होतात. थोड्या टक्के पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होणे, शिश्नाची ताठरता घटणे असे दुष्परिणाम दिसतात. औषध बंद केल्यावर ते बहुधा जातात, पण काहींनी ते टिकून राहिल्याची तक्रार केली आहे. युरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. त्यामुळे नैराश्याचा पूर्वेतिहास असलेल्यांनी तो डॉक्टरांना सांगणे आवश्यक ठरते. या औषधाने रक्तातील पीएसए निम्म्यावर येते व त्यामुळे पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या तपासणीचा अर्थ बदलतो. गर्भवती स्त्रीने तुटलेली गोळी हाताळू नये आणि गोळी घेणाऱ्याने औषध थांबवून किमान महिना झाल्याखेरीज रक्तदान करू नये. ड्युटास्टेराइड हे अधिक प्रभावी भावंड दक्षिण कोरिया व जपानमध्ये टकलासाठी मान्य आहे.

केशरोपण

जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी १९३९ साली केसयुक्त त्वचेचे बारीक तुकडे रोपण्याची पद्धत वर्णिली होती, परंतु युद्धामुळे ती जगाला उशिरा कळली. न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ पासून केलेल्या शस्त्रक्रियांतून असे दिसले की मागच्या पट्ट्यातील कूप टाळूवर लावल्यानंतरही आपला मूळ गुण टिकवतात. संपूर्ण केशरोपण या एकाच तत्त्वावर उभे आहे. पूर्वी मागच्या त्वचेची पट्टी काढून तिचे तुकडे करीत. आता एकेक केसमूळ सुईसारख्या नळीने उपटण्याची पद्धत अधिक रूढ आहे. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवतात आणि वर्षभराने खरे रूप दिसते. रोपणाने नवे केस निर्माण होत नाहीत, असलेले केवळ जागा बदलतात. मागचा साठा मर्यादित असल्याने विशीतल्या तरुणाची केसरेषा फार पुढे आणणे पुढे अंगाशी येते, कारण मधले मूळ केस जातच राहतात.

मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षीय व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. एकाच लांबलचक बैठकीत नऊ हजारांहून अधिक केसमुळे लावल्याचे वृत्तांत म्हटले होते व तीव्र अ‍ॅलर्जीची शक्यता वर्तवण्यात आली होती. दिल्लीतील अशाच एका मृत्यूनंतर तेथील उच्च न्यायालयाने अप्रशिक्षित व्यक्तींकडून होणाऱ्या रोपणांची दखल घेतली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून हे काम योग्य शस्त्रक्रियाप्रशिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावे असे स्पष्ट केले. तंत्रज्ञ केवळ साहाय्य करू शकतात. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून मिळवलेले ज्ञान प्रशिक्षण म्हणून ग्राह्य धरले जाणार नाही, हेही त्यात नमूद आहे. रुग्णाच्या दृष्टीने यातून निघणारे प्रश्न साधे आहेत : प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कोण करणार, त्यांची पदवी कोणती, आणि भूल देताना अनिष्ट प्रतिक्रिया आल्यास जवळ काय सोय आहे.

इतर उपाय

स्वतःच्या रक्तातील बिंबाणुयुक्त द्रव टाळूत टोचण्याचा उपचार शहरांत फार चालतो; काही चाचण्यांत लाभ दिसला असला तरी पद्धतींत एकवाक्यता नाही. कमी शक्तीच्या लेसर उपकरणांबाबतही पुरावा मर्यादित आहे. कांद्याच्या रसाचा बराच बोलबाला असला तरी ज्या लहानशा अभ्यासावर तो आधारलेला आहे (२००२) तो चाईच्या रुग्णांवर झाला होता, पुरुषी टकलावर नव्हे. रोझमेरी तेलाचा २०१५ मधील इराणी अभ्यास पुरुषी टकलावरचा आहे, परंतु तो १०० रुग्णांपुरता असून त्यात तुलना २ टक्के मिनॉक्सिडिलशी होती. माक्याचे म्हणजे भृंगराजाचे तेल महाराष्ट्रात घरोघरी वापरले जाते; केस मऊ राहून तुटणे कमी होते, हा तेलाचा लाभ खरा आहे, मात्र आकसलेला कूप त्याने मोठा होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. प्रथिने वा लोह कमी असल्यास आहार सुधारणे योग्यच. बायोटिनची कमतरता नसलेल्यास बायोटिन देऊन उपयोग होत नाही.

मुंबई उपनगरांतील संदर्भ

दिंडोशी, मालाड, बोरिवली या भागांत नव्याने राहायला आलेल्या तरुणांकडून ‘मुंबईच्या पाण्याने केस गेले’ ही तक्रार हमखास ऐकू येते. महानगरपालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा, मोडकसागर, विहार, तुळशी अशा जलाशयांतून येते. ते पावसाचे साठवलेले पाणी असल्याने भूजलापेक्षा मृदू असते. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी जड असू शकते व त्याने केस राठ होतात. पण पाणी केसाच्या दांड्याला लागते, कूपाचे आकसणे आतून घडते. विशीत शहर बदलणे आणि विशीत टक्कल सुरू होणे हे एकाच वेळी घडत असल्याने पाण्यावर आळ येतो.

दिंडोशीलगत गोरेगावच्या टेकड्यांवर दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटांत कृत्रिम केसांना टोप म्हणतात. टोपांसाठी लागणाऱ्या मानवी केसांचा एक मोठा स्रोत म्हणजे तिरुपतीसारख्या देवस्थानांत अर्पण होणारे केस. तिरुमला देवस्थान त्यांचा लिलाव करते. औषध नको असणाऱ्यांसाठी टोप अथवा केस बारीक कापून ठेवणे हे दोन्ही पर्याय निर्धोक आहेत. उपनगरांतील रुग्णांना त्वचारोग विभागाचा सल्ला विलेपार्ले येथील महापालिकेच्या कूपर रुग्णालयात अल्प शुल्कात मिळू शकतो.

कायदा व जाहिराती

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची ‘जे’ मध्ये जे आजार बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही त्यांची यादी असून तीत टकलाचा समावेश आहे. असे असूनही केस उगवण्याच्या हमीच्या जाहिराती लोकल गाड्यांच्या डब्यांपासून समाजमाध्यमांपर्यंत सर्वत्र असतात. केरळमधील त्रिशूर जिल्हा ग्राहक न्यायमंचाने २०२० च्या अखेरीस केसवाढीच्या एका क्रीमचा उत्पादक आणि जाहिरातीत झळकलेला अभिनेता या दोघांनाही प्रत्येकी १०,००० रुपये भरण्याचा आदेश दिला. ते उत्पादन आपण कधी वापरलेच नव्हते, अशी कबुली त्या अभिनेत्याने दिली होती.

समाज व कला

टकलाचा सर्वांत ठळक सामाजिक परिणाम विवाह जुळवताना दिसतो. स्थळ पाहताना मुलाच्या छायाचित्रातील टोपी संशयास्पद ठरते आणि टकलामुळे नकार येण्याची भीती तरुणांना खर्चिक व घाईच्या उपचारांकडे ढकलते. आत्मविश्वास घटणे व लोकांत मिसळणे टाळणे हे परिणाम विशीतल्या रुग्णांत अधिक दिसतात. राज बी. शेट्टी यांच्या ‘ओंदु मोट्टेय कथे’ (२०१७) या कन्नड चित्रपटाचा विषय टकल्या प्राध्यापकाचे लग्न हाच होता. त्याचा हिंदी अवतार ‘उजडा चमन’ आणि त्याच विषयावरील ‘बाला’ हे दोन्ही चित्रपट नोव्हेंबर २०१९ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने प्रदर्शित झाले.